टॅक्सीतला नवस

काका मला पहिल्यांदा भेटले वॉटफर्डच्या भाजीच्या दुकानात, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी ते टीव्हीवर मेले होते.

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून फोनवर नवऱ्याशी भांडत होते. भांडण अर्थातच मराठीतून. परदेशात आपल्या भाषेचा तेवढा एक फायदा असतो, चारचौघांत नवऱ्याची लाज काढता येते. मागून आवाज आला, "त्यांना नंतर झापा. ती जुडी आधी खाली ठेवा, आतून कुजलीय." वळून पाहिलं तर काल पोटात सुरा खाऊन गल्ल्यावर कोसळलेला दुकानदार जिवंत उभा, हातात दुधी भोपळा.

"अहो, तुम्ही काल मेलात!" मी म्हणाले.

"मी अधूनमधून मरतोच," ते म्हणाले. "कालचं मरण बरं होतं. हीटर होता."

आडनाव सांगितलं, त्याच्या शेवटी 'कर' होतं. मी पुण्याची असल्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघाला, "रत्नागिरीकडचे का?" ते म्हणाले, "अलिबागकडचे. पण आमचा देव वेगळा." काका बेने इस्रायल होते, म्हणजे कोकण-मुंबईकडचे मराठी ज्यू. तरुणपणी इकडे आले, टपाल खात्यात चिकटले आणि हौशी नाटकं करता करता टीव्हीत शिरले. घरात अजून अस्सल गिरगावी मराठी बोलायचे. त्यांची मुलगी एडिनबराला डॉक्टर आहे, तिचं मराठी 'काय करतेस' च्या पुढे जात नाही.

ब्रिटिश टीव्हीवर तुम्ही काकांना नक्की पाहिलेलं आहे. नाव आठवणार नाही. चेहरा पाहून, हा मागे कशात होता बरं, असं म्हणाल आणि ते आठवेपर्यंत ते पडद्यावरून गेलेले असतील. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. दुकानदार झाले आणि लुटले गेले. डॉक्टर झाले आणि "आय ॲम अफ्रेड इट्स बॅड न्यूज" म्हणून बाहेर गेले. शीख ड्रायव्हर झाले, तेव्हा चिकटवलेली दाढी चहात पडली. मुलीचं लग्न मोडणारे बाप तर इतक्यांदा झाले, की खऱ्या मुलीच्या लग्नात इंग्लिश व्याही त्यांच्याकडे जरा जपूनच बघत होते. सगळ्यात जास्त वेळा ते झाले मौलवी. चेहरा सात्त्विक, दाढी स्वतःची, आवाज खर्जातला. कास्टिंगवाल्यांना आणखी काय पाहिजे? हॉलमधल्या कपाटाखाली त्यांची एक पेटी असे. त्यात दोन पगड्या, विणलेल्या पांढऱ्या टोप्या, एक स्टेथोस्कोप, जपमाळा, कपाळाला लावायचं गंध. सगळ्या धर्मांची सोय. त्यांची स्वतःची किप्पा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी घालायची गोल टोपी, ती मात्र या पेटीत नव्हती. ती कपाटाच्या वरच्या खणात, काकूंच्या चांगल्या साड्यांबरोबर.

माझा त्यांच्या कारकिर्दीशी संबंध आला तो सेल्फ-टेपमुळे. आता नटाला ऑडिशनला बोलवायचे कष्ट कोणी घेत नाही. घरच्या घरी स्वतःचं शूटिंग करून पाठवा म्हणतात. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्याच्या मागून कोणीतरी वाचावी लागतात. काकूंना कमी ऐकू येतं, त्या भलत्याच ठिकाणी वाचायच्या. मी त्यांच्या रस्त्यावरच राहते. ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेते आणि बहुतेक दिवस घरून काम करते. तेव्हा मी वाचू लागले. इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकं रचून त्यावर फोन, भिंतीवर निळी चादर, खिडकीत काका, आणि फोनच्या मागे मी. गेल्या काही वर्षांत काकांना लुटणारा प्रत्येक दरोडेखोर मी होते. त्यांना दरडावणारी प्रत्येक पोलीस इन्स्पेक्टर मी. घर सोडून पळालेल्या त्यांच्या सगळ्या मुली मी. टीव्हीवर माझा आवाज कुठेच नाही, पण पुण्याच्या कुठल्याही एकांकिकेत मी केल्या नसत्या एवढ्या भूमिका मी वॉटफर्डच्या त्या खोलीत केल्या.

काकूंना कमी ऐकू येतं, पण कमी दिसत नाही. समोरच्याचे ओठ वाचतात, त्यामुळे पाठमोरं होऊन त्यांच्याबद्दल बोलायची सोय आहे आणि त्यांना ती माहीत असल्यामुळे त्या कोणाला पाठमोरं होऊ देत नाहीत. काकांच्या धंद्यावर त्यांचा एकच राग होता. सणाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, गेल्या की तिथल्या इंग्लिश बायका म्हणायच्या, "परवा तुमच्या मिस्टरांना टीव्हीवर नमाज पढताना पाहिलं. किती छान पढतात!" काकू हसून घ्यायच्या आणि घरी येऊन काकांच्या ताटात आमटी आपटायच्या.

"जगातल्या सगळ्या देवांचे झालात," त्या म्हणायच्या. "आपल्याच देवाने काय घोडं मारलंय?"

आणि त्यांनी नवस बोलला होता. ज्या दिवशी हे पडद्यावर आपल्या धर्माचा माणूस होतील, त्या दिवशी मलीदा करीन. बेने इस्रायल लोकांत ही जुनी चाल. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची घालायची, वर फळं मांडायची, संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. लग्न ठरलं, मूल झालं, कोणी दुखण्यातून उठलं, की मलीदा. काकूंनी त्यांच्या लेकीच्या परीक्षांसाठी केला, काकांच्या गुडघ्यासाठी केला. हा एक तेवढा नवस वर्षानुवर्षं देवाकडे पडून होता. काका हसायचे, पण मला ठाऊक होतं, त्यांनाही तो टोचत होता. वय झालं होतं. वाक्यं पाठ राहत नव्हती, मी ती मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवायचे. हे काम आता फार दिवसांचं नाही, हे त्यांना कळत होतं.

अशात ती मालिका आली. लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबाची कथा. काकांची एजंट म्हणजे एक तिशीची, भयंकर उत्साही मुलगी. तिने काकांना स्क्रिप्ट पाठवलं ते अर्थात हॉस्पिटलमधल्या डॉक्टरसाठी. काकांनी अख्खं वाचलं आणि तिला फोन केला. स्पीकर चालू होता, मी चहा पीत होते.

"मला आजोबांसाठी टेप पाठवायचीय," काका म्हणाले.

"ओह, यू आर सो फनी!" ती म्हणाली.

काका गप्प राहिले. नटाला गप्प राहणं फार चांगलं जमतं. शेवटी ती म्हणाली, पाठवा, नो हार्म.

त्या दिवशी काकांनी नवा शर्ट घातला. काकूंनी वरच्या खणातून किप्पा काढून दिली आणि आम्हाला खोलीत सोडून दार लावून घेतलं. प्रसंग साधा होता. शुक्रवारची संध्याकाळ, शब्बाथ, म्हणजे काम आणि गाडीघोडा वर्ज्य असलेला ज्यूंचा पवित्र दिवस, सुरू होतोय, आजोबा नातीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. नात आदल्याच प्रसंगात घर सोडून जायचं ठरवून आलेली आहे, आजोबांना माहीत नाही. नात मी. मी फोनच्या मागे वाकून "आजोबा, मला काही सांगायचंय" वाचलं. काकांनी ऐकलं, आणि हात पुढे करून खरोखरच माझ्या डोक्यावर ठेवला. फोनमध्ये तो हात दिसणार नव्हता. फक्त चेहरा दिसणार होता. चिकटवलेल्या कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते शब्द त्यांना पाठ करावे लागलेच नव्हते, एडिनबराच्या त्या डॉक्टरीणबाईच्या डोक्यावर दर शुक्रवारी त्यांनी ते म्हटले होते.

माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला. मी पुढचं वाक्य चुकले. काका म्हणाले, "राहू दे. नात रडेलच की." टेप तशीच पाठवली.

उत्तर यायला बरेच दिवस गेले. काकू रोज विचारायच्या आणि रोज, मला काही घेणं नाही, असं म्हणायच्या. मग एजंटचा फोन आला. आवाजात मध.

"दे लव्ह्ड इट. दे क्राइड! पण या वेळी प्रॉडक्शन ऑथेंटिसिटीबद्दल खूप कमिटेड आहे. त्यांना कम्युनिटीमधलाच वाटेल असा ॲक्टर हवाय. यू नो, प्रेक्षकांना पटायला हवं."

"मी ज्यू आहे," काका म्हणाले.

 पलीकडून, "ओ माय गॉड! रिअली? तुम्ही प्रोफाइलमध्ये टाकायला हवं होतं!"

तिने बिचारीने पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर आलं. तुमचं म्हणणं अत्यंत इंटरेस्टिंग आहे, पण मग ते प्रेक्षकांना समजावून सांगावं लागेल आणि कथेत तेवढी जागा नाही. आजोबांच्या भूमिकेसाठी एक नामवंत, गोरे, सुंदर नाकाचे नट ठरले. त्यांचे वडील म्हणे यॉर्कशरच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. ते मात्र प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. मला वाटलं होतं काका चिडतील. चिडले नाहीत, म्हणून मीच दोघांच्या वाटचं चिडून घेतलं. डॉक्टरचं काम तोवर दुसऱ्याला गेलं होतं. पण काकांना काहीतरी द्यायलाच हवं असं त्या लोकांच्या मनाने घेतलं, आणि दिलं. आजोबांना सिनेगॉगला सोडणारा टॅक्सीवाला.

"शब्बाथला टॅक्सीने सिनेगॉगच्या दारात उतरणारा धार्मिक म्हातारा!" काकू म्हणाल्या. "चालत जा म्हणावं."

"अगं, मला कामाला लावायला बिचाऱ्यांनी शब्बाथ मोडला," काका म्हणाले. "आपण नाही कसं म्हणायचं?"

शूटिंगला मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. नातेवाइकांना सेटवर परवानगी नसते म्हणून काकांनी मला 'केअरर', म्हणजे त्यांची देखभाल करणारी बाई, करून टाकलं. मंगळवारी दुपारी शुक्रवारची संध्याकाळ करायची होती. मोठमोठे दिवे लावून सूर्य बुडवण्याचा खटाटोप चालला होता. आणि ज्या सिनेगॉगसमोर गाडी उभी होती, ते काका-काकूंचंच निघालं. दर सणाला ते जातात ते.

प्रॉप्सची, म्हणजे सेटवरच्या सामानाची, मुलगी डॅशबोर्डवर गणपती लावत होती. मग तिला शंका आली. स्क्रिप्टमध्ये नुसतं 'एशियन ड्रायव्हर' लिहिलं होतं. तिने वाकून काकांना विचारलं, "सॉरी, तुम्ही काय असाल?"

"तुमच्याकडे जे जास्त शिल्लक असेल ते," काका म्हणाले.

गणपती गेला, आरशाला जपमाळ आली, काकांच्या डोक्यावर विणलेली पांढरी टोपी आली. काकांच्या पेटीतली नव्हे, शूटिंगवाल्यांचीच होती, पण तशीच. रस्त्यापलीकडे सिनेगॉगचा म्हातारा केअरटेकर चहाचा मग घेऊन उभा होता. त्याने काकांकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, हात अर्धा वर केला आणि परत खाली घेतला.

मधल्या सुट्टीत काकांना बाथरूमला जायचं होतं. सवयीने ते सिनेगॉगच्या पायऱ्या चढू लागले. कानात वायर घातलेला एक तरुण धावत आला. अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "सॉरी सर, बिल्डिंगच्या आत फक्त फॅमिलीला परवानगी आहे." फॅमिली म्हणजे मालिकेतलं कुटुंब. यॉर्कशरचे आजोबा तेव्हा आतच बसून सँडविच खात होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका मराठीत म्हणाले, "गप्प बस गं. रस्त्याच्या टोकाला टॉयलेटची व्हॅन आहे." आणि गुडघा सांभाळत पायऱ्या उतरून तिकडे चालू लागले. त्यांच्यामागून चालताना मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही, कारण मी केअरर होते.

प्रसंग असा. कुटुंब गाडीतून उतरतं, आत जातं. टॅक्सीवाला बाहेर थांबतो. स्क्रिप्टमध्ये एवढंच. पण दिग्दर्शक तरुण होता आणि काचेवर दिव्याचा प्रकाश फार सुंदर पडला होता. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "मी कॅमेरा तुमच्यावर जरा जास्त ठेवतो. तुम्ही काहीतरी करा. तुमच्या माणसाने अशा वेळी जे केलं असतं ते."

काकांनी विचारलं, "माझ्या माणसाने?"

"एक्झॅक्टली. जस्ट बी हिम."

सिनेगॉगचं दार बंद झालं. आत गाण्याची नक्कल चालली होती. बाहेर काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, मांडीवर ठेवले आणि अगदी हळू आवाजात शुक्रवारची हिब्रू प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. स्वतःच्या घरी, काकूंच्या टेबलापाशी, द्राक्षरसाचा प्याला धरून म्हणतात ती. मला ती ओळखू आली, कारण किती शुक्रवार मी त्यांच्याकडे आमटीभात जेवलेय. ती पूर्ण होईपर्यंत दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवला नाही. मग त्याने स्वतः टाळ्या वाजवल्या.  परतताना वॉटफर्डच्या फाट्याला काका म्हणाले, "हिला सांगू नकोस. बघू दे."

हिवाळ्यात तो भाग लागला. काका, काकू आणि मी सोफ्यावर. काकूंसाठी टीव्हीवर सबटायटल कायम चालू असतात. आजोबा आले, त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला, बरा ठेवला. काकूंनी नाक उडवलं. मग टॅक्सी आली. कुटुंब उतरलं. आणि काकांचा चेहरा, काचेवरचा नारिंगी प्रकाश, हलणारे ओठ. काकू पुढे सरकल्या. पण आधी नजर जाते ती खालच्या अक्षरांवर. पडद्याच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत आलं: 'ड्रायव्हर अरबीत प्रार्थना करतो'.

 भाग संपायच्या आत माझ्या फोनवर लोकांच्या प्रतिक्रिया सुरू झाल्या होत्या. सिनेगॉगबाहेर अल्लाची करुणा भाकणारा तो मुस्लिम ड्रायव्हर, काय हृद्य प्रतिमा, दोन धर्मांमधला पूल वगैरे. मी उठलेच. "मी कंप्लेंट करते," म्हणाले. "हिब्रूला अरबी म्हणतात म्हणजे काय? चुका पकडणं हा माझा धंदा आहे, आत्ता लिहिते."

"लिही," काका म्हणाले. "म्हणजे पुढच्या वेळी कोणी काम विचारायलाच नको." ते काकूंकडे वळले, त्यांना ओठ दिसावेत म्हणून नीट समोर बसले. "केलं गं मी. पण नाही जमलं. तुझा नवस राहू दे आता." म्हातारा माणूस बोलता बोलता एकदम किती म्हातारा दिसू शकतो ते मी त्या वेळी पाहिलं. एवढ्या वर्षांत पडद्यावर किती वेळा मेले, पण असा चेहरा कधी केला नव्हता.

 काकूंनी रिमोट घेतला, मागे नेलं, आणि बटणं दाबदाबून सबटायटल घालवली. त्यांना ते येतं हे आम्हा दोघांना ठाऊकच नव्हतं. मग टीव्हीचा आवाजही बंद केला, त्यांना तो तसाही नको होता. टॅक्सीतले काका बिनआवाजाचे बोलू लागले. काकू त्यांच्या ओठांकडे बघत होत्या, दर शुक्रवारी टेबलापलीकडून बघतात तशा. एका ठिकाणी काका थांबले. तेवढ्याच जागेत काकू म्हणाल्या, "आमेन." पुढे पुन्हा थांबले. "आमेन."

संपल्यावर त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पोह्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"अगं, पण त्यांना कळलंच नाही," काका दारातून म्हणाले. मग काकू पाठमोऱ्या आहेत हे लक्षात येऊन आत जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि पुन्हा म्हणाले, "त्यांना कळलंच नाही."

"नवस मी त्यांना बोलले होते का?" काकू म्हणाल्या. "देवाने काय सबटायटल वाचून ऐकायचं? बाजूला व्हा, नारळ खवायचाय."

मलीदा दुसऱ्या दिवशी झाला. ताटात पोहे, खोबरं, वर केळी, सफरचंद, खजूर, द्राक्षं, संत्रं. बसायच्या आधी एजंटचा मेसेज आला. एका नव्या मालिकेत मौलवी हवाय, आणि तुमचं अरबी ऐकून ते लोक अक्षरशः वेडे झालेत. काकांनी 'हो, आनंदाने' असं लिहिलं. मग फोन उलटा ठेवला, किप्पा घातली आणि प्रार्थना सुरू केली.

माझ्या हातात कागद नव्हता. या खोलीत काकांसमोर बसून मला काहीच वाचायचं नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. आमेन कुठे म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. काकूंनी कोपराने ढोसलं, तेव्हा म्हटलं.